शेवटच्या घरातलं उसनं

आमच्या घरी पाहुणे जमले, जेवणं आटोपली, की भाचरांपैकी कुणीतरी म्हणतंच, "मावशी, ती कोंबडीची गोष्ट सांग ना." मग मी सांगते. हातवारे करून, कोंबडीचा आवाज काढून. या वयाच्या बाईने चारचौघांत कोंबडीचा आवाज काढू नये असं माझ्या नवऱ्याचं मत आहे, पण आमच्याकडे त्याचं मत विचारण्याची पद्धत नाही. गोष्ट मी एसटीपर्यंत आणते. कंडक्टर कोंबडीचं तिकीट मागतो, सगळे हसतात, आणि मी बडीशेप आणायच्या निमित्ताने आत उठून जाते. त्यापुढे मी कधी सांगितलेली नाही. पुढचं जेवणानंतर सांगण्यासारखं नाही.

गोष्ट आमच्या मास्तरांची. हुद्द्याने ते ट्रस्टचे चिटणीस होते, पण जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे भिवंडीत सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. सुताचा मोठा व्यापार असलेल्या एका शेठनी तो ट्रस्ट काढला होता. तालुक्यातल्या खेड्यांना मदत करायची, एवढाच त्याचा उद्देश. कुठे शाळेचं छप्पर, कुठे बालवाडीची खोली, कुठे विहिरीला कठडा. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी नुकतीच बी.कॉम. झाले होते, मराठी टायपिंगची परीक्षा कशीबशी सुटले होते, आणि नगरपालिकेत कारकून असलेल्या माझ्या वडिलांनी मास्तरांना गाठून मला तिथे चिकटवून दिलं होतं.

ऑफिस म्हणजे धामणकर नाक्याजवळ एका गाळ्याच्या वरची खोली. खाली माग चालायचे. खुर्ची हलायची, टेबलावरचा पेला हलायचा, मी हलायचे, आणि माझ्या टायपिंगमधल्या चुका मी बिनदिक्कत मागांच्या नावावर खपवायचे. त्या खटखटीत बोलायचं तर ओरडावंच लागे. मास्तरांना ती सवय इतकी जडली होती की एखाद्या पाड्यावर, जिथे पान पडलेलं ऐकू येईल तिथेही ते ओरडूनच बोलायचे. "बरे आहात का?" एवढं विचारलं तरी समोरच्याला वाटे आपलं काहीतरी चुकलं.

त्यांचे नियम त्यांचे स्वतःचे होते. पहिला नियम, मागणाऱ्याने ऑफिसात यायचं नाही. एखाद्या गावचे सरपंच चार माणसं आणि नारळ घेऊन जिना चढले, की मास्तर दारातच त्यांना अडवायचे.

"नारळ खाली ठेवून या."

"मास्तर, अर्ज आणलाय."

"अर्ज हिच्याकडे द्या. आणि मला सांगा, तुमच्या गावात शेवटचं घर कुणाचं?"

सरपंच चक्रावायचे. शेवटचं म्हणजे कुठल्या बाजूने शेवटचं, यावर त्यांच्यात आपसांत वाद व्हायचा. मास्तर तो वाद शांतपणे ऐकायचे आणि मग म्हणायचे, "घरी जा. मी येतो." कधी येतो ते सांगायचे नाहीत.

आणि जायचे. न कळवता, एसटीने. सरपंचाच्या घराकडे न बघता तडक गावाच्या शेवटच्या घरी. तिथे पाणी मागायचे, ओट्यावर बसायचे, आणि मग त्यांचा दुसरा नियम सुरू व्हायचा. त्या घरातून ते काहीतरी उसनं मागायचे. विळा, कंदील, सूप, काहीही. ती वस्तू ऑफिसात आणायची, कपाटावर मांडायची, आणि त्या गावाचं काम मंजूर झालं की स्वतः जाऊन परत करायची.

एकदा त्यांनी एका घरातून वरवंटा आणला. पाटा तिकडेच. पिशवीत वरवंटा घेऊन, एका खांद्याने वाकडे होत ते जिना चढले.

"मास्तर, त्या बाईने चटणी कशाने वाटायची?" मी विचारलं.

"म्हणून तर आपण लवकर मंजूर करायचं," ते म्हणाले. "रोज समोर दिसला पाहिजे."

दुसरं कारण त्यांनी मला एकदा वीज गेली असताना सांगितलं. खालचे माग थांबले होते आणि सवय नसल्यामुळे आम्ही दोघंही दचकलो होतो. मास्तरांना हळू बोलताना मी तेव्हाच ऐकलं. "ज्याच्याकडून काही घेतलं नाही त्याला काही द्यायला जाऊ नये," ते म्हणाले. "तो मग मान वर करून आपल्याकडे बघायला लागतो. आणि तसा बघणारा माणूस खरं सांगत नाही." मी होकारार्थी मान हलवली. मला त्या वेळी वीज केव्हा येते आणि पंखा केव्हा लागतो याचीच काळजी होती.

ऑफिसात 'उपकार' शब्दाला बंदी होती. ज्याच्या तोंडून तो निघेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. अर्जांचंही तसंच. 'परमपूज्य', 'दानशूर', 'गोरगरिबांचे कैवारी' अशी सुरुवात असायची. मास्तर म्हणायचे, "विशेषणं काढ." मी शिसपेन्सिलीने खोडत जायचे. पानभर अर्जातून शेवटी उरायचं, 'छप्पर गळते. पोरे भिजतात.' मास्तर तेवढंच वाचायचे.

याच काळात माझ्या लग्नाचं बघत होते. वडिलांनी माझी माहिती लिहून दिली होती आणि ती मी ऑफिसच्या वेळात, ऑफिसच्या कागदावर टाइप करत होते. मास्तरांनी तो कागद मशीनमधून ओढून घेतला आणि सवयीने पेन्सिल चालवली. 'सुस्वरूप' गेलं, 'सुस्वभावी' गेलं, 'गृहकृत्यदक्ष' तर दोनदा खोडलं. उरलं ते असं की मुलगी आहे, भिवंडीची आहे, आणि टायपिंग येतं. 'टायपिंग येतं' यापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं होतं. माझ्या धांदरटपणामुळे हीच प्रत एका स्थळाकडे गेली. तेच स्थळ जमलं. नवरा म्हणतो की प्रश्नचिन्ह बघून त्याला कुतूहल वाटलं.

मोठे शेठ अधूनमधून यायचे. खुर्चीत बसायचे नाहीत, सुताच्या गठ्ठ्यावर बसायचे. एकदा त्यांनी सहज विचारलं होतं की एवढी कामं झाली, कुठे नावाची एखादी पाटी लावली तर कसं. मास्तर म्हणाले, "शेठ, शाळेवर तुमचं नाव लिहिलं तर पोरं रोज तुमच्या नावाखाली बसतील. त्यांना मान वर करायला जागा ठेवू या."

शेठ हसले. "ठीक है मास्टरजी. पैसा मेरा, पाँव आपके. नहीं लिखते."

तर अशा दिवसांत तो पाडा आला. दिघाशी गावाच्या अंगाला, मुख्य गावापासून तुटून, एका वहाळाच्या पलीकडे वसलेला. वहाळ म्हणजे उन्हाळ्यात गुडघाभरही पाणी नाही, पण पावसात हत्ती वाहून जाईल. दरवर्षी पाड्यातले लोक लाकडाचे वासे टाकून त्यावर साकव बांधायचे, आणि दरवर्षी एखाद्या मोठ्या पुरात तो जायचा. मग पाणी उतरेपर्यंत शाळा, दवाखाना, बाजार सगळं पलीकडे. त्यांना सिमेंटचा साकव हवा होता.

मास्तरांनी नोंदी घ्यायला मला बरोबर नेलं. मी उंच टाचेच्या नव्या चपला घालून गेले होते, त्यामुळे शेताच्या बांधावरून मी कशी चालत होते ते सांगत नाही. शेवटच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी नाचणी पाखडत बसली होती. पाड्यात तिला सगळे बाय म्हणत. दारात नवी सून उभी होती, लग्नाला महिनाही झाला नसेल, हातातला चुडा अजून नवाकोरा.

"बाय, पाणी मिळेल का?" मास्तर ओरडले.

"वरडतंस कशाला रं? मी भैरी न्हाय," म्हातारी म्हणाली. "कोन तू?"

"भिवंडीचा. मास्तर होतो."

"मंग पोरांना भैरं करून आलास वाटतं. बस. सूनबाय, पानी आन."

पाणी झालं. मास्तरांनी नेहमीप्रमाणे विषय काढला. "बाय, काहीतरी उसनं दे. परत आणून देईन."

"काय देऊ? तांदूल?"

"तुला परत लागेल असं काहीही."

म्हातारीने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "ही लेक का तुजी?"

"नाही, मी नोकरीला आहे यांच्याकडे," मी म्हणाले.

"मंग तुजी काय चूक न्हाय," ती म्हणाली. सून पदर तोंडाला लावून हसत होती. म्हातारीने अंगणात नजर फिरवली. "ही पिवली हाय, ने. पर कापून खाल्लीस तर भिवंडीत येऊन बसंन तुज्या दारात. आन अंडी घातली तर अंडीपन माजी."

असं आम्ही कोंबडी घेऊन निघालो. मास्तर पक्के शाकाहारी, कोंबडी कशी धरतात ते त्यांना ठाऊक नाही, आणि मला तर झुरळाचीसुद्धा भीती. शेवटी ती माझ्या मांडीवर, माझ्याच ओढणीत गुंडाळून. कंडक्टरने तिकीट मागितलं.

"ही आमची नाही, उसनी आहे," मास्तर ओरडले.

"उसनी असू दे नाहीतर सासरची असू दे," कंडक्टर म्हणाला, "गाडीत बसलीय ना?"

इथे सगळे हसतात.

पिवळी ऑफिसात राहू लागली. सुताच्या रिकाम्या खोक्यात तिचं घर केलं. मागांच्या आवाजाला ती आठवड्यात सरावली, मी वर्षभरात सरावले नव्हते. माझ्या मशीनचं झाकण काढलं की आत अंडं. ही अंडी बायची, असा मास्तरांचा हुकूम होता, म्हणून पाड्याच्या बाजूने येणाऱ्या दूधवाल्याबरोबर ती परत जायची. "भिवंडीतून खेड्यात अंडी नेनारा मी एकलाच असंन," तो कुरकुरायचा. पण न्यायचा. त्याच्याबरोबर बायचे निरोपही यायचे. पिवलीला तांदूल नका घालू, ती माजते. मास्तराला सांग, साकवाचं काय झालं, का कोंबडीशी सोयरीक केलीस?

मोठ्या शेठनी पिवळीला पाहिलं तेव्हा ती त्यांच्या धोतरावरच जाऊन बसली होती. "मास्टरजी, ये कौन है?"

"अर्जदार आहे," मास्तर म्हणाले.

"तो इसका काम पहले करो," शेठ म्हणाले. दिवाळीनंतर काम धरायचं ठरलं. दिवाळीच्या आधीच शेठ गेले. दुकानात बसल्या बसल्या.

कारभार मुलाकडे आला. छोटे शेठ शाळेत मास्तरांच्याच हाताखालून गेलेले, त्यामुळे त्यांना 'सर' म्हणायचे. माणूस वाईट मुळीच नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण अशा गोष्टीत ऐकणाऱ्याला कुणीतरी दुष्ट हवा असतो.

"सर, साकव आपण बांधायचा," ते म्हणाले. "पप्पांचा शब्द आहे. फक्त तिथे त्यांच्या नावाचा फलक लागेल. संगमरवरी. आणि छोटासा कार्यक्रम करू."

"फलक नको," मास्तर म्हणाले.

"का?"

"तुझ्या वडिलांचं माझं ठरलं होतं."

"पप्पा आता नाहीत, सर." छोटे शेठ खाली बघत म्हणाले. "त्यांनी इतकी वर्षं दिलं, आणि सगळ्या तालुक्यात त्यांचं नाव कुठेच नाही. मी मुलगा आहे. मला कुठेतरी जाऊन ते वाचता यावं, एवढंच. त्यात माझं काय चुकलं?"

खाली माग चालू होते. मास्तर कधी नव्हे ते इतकं हळू बोलले की छोट्या शेठना पुढे वाकावं लागलं. "विचार कर. आपण पावसाळ्यानंतर बोलू."

पावसाळ्याला तेव्हा बरेच महिने होते. साकव तोवर सहज उभा राहिला असता. मला मात्र मास्तरांचा अभिमानच वाटला. घरी जाऊन मी तो प्रसंग रंगवून सांगितला, दोन्ही आवाज काढून. माणसाला तत्त्व असावं तर असं, असं वडीलही म्हणाले.

मधल्या काळात छोटे शेठ दोनदा येऊन गेले. मास्तर हलले नाहीत. रोज सकाळी पिवळीला दाणे घालताना मात्र ते तिच्याशी काहीतरी पुटपुटायचे, आणि मला बघून गप्प व्हायचे.

श्रावणात दूधवाला आला तेव्हा किटली खाली न ठेवताच उभा राहिला. म्हणाला, "मास्तर, साकव गेला परवा. बायच्या सुनेचे दिवस भरले व्हते. पोर ऱ्हायलं न्हाय."

मास्तरांनी चहाचा कप बशीवर ठेवला. मग उठून चपला घातल्या. मी न विचारता मागे निघाले.

वहाळाला अजून पाणी होतं. दुसऱ्या एका गावावरून मोठा वळसा घालून आम्ही पाड्यावर पोचलो. बाय ओट्यावरच होती. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. मास्तर उभेच राहिले. त्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं नाही.

"कळलं मला, बाय," ते म्हणाले.

"काय कलला तुला?" तिने वर पाहिलं. "दूधवाला सांगत व्हता. शेटच्या पोराला दगडावर बापाचा नाव लिवायचा व्हता, आन तू नको बोललास. खरं का?"

"खरं."

"का रं नको बोललास?"

मास्तर समजावून सांगायला लागले. शाळेत समजावत तसं. "तुम्ही कुणाच्या उपकाराखाली..." एवढं बोलून ते थांबले. तो शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"आमाला वाचाया येतं का?" म्हातारी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "बापाचा लिव, नायतर भुताचा लिव, आमाला काय? सुनेला झोलीत घालून नेली, तू आलास ना, त्याच वाटंनं. निम्म्या वाटंला बालंत झाली ती. पोरगा व्हता. तुला आमची मान ताठ ठेवायची व्हती, मास्तर. आमाला पलीकडं जायाचं व्हतं."

मी रडत होते. मास्तर तसेच उभे होते, छत्री बगलेत, पाणी ठिबकतंय. मग म्हातारीनेच ओट्यावरची जागा हाताने पुसली.

"बस आता. वलसा घालून आलास. पानी पी."

ते बसले. पाणी प्याले.

परतल्यावर ते ऑफिसात आले नाहीत, थेट छोट्या शेठच्या दुकानात गेले. फलकाचा मजकूर तुम्हीच लिहा, सर, असं छोटे शेठ म्हणाले. तो मजकूर मास्तरांनी मला उभ्याने सांगितला, खिडकीकडे तोंड करून. दानशूर, धर्मपरायण, ग्रामीण जनतेचे आधारस्तंभ. एकेक शब्द मागांच्या वर आवाज चढवून. मी टाइप करत गेले. शेवटी विचारलं, "वाचून दाखवू?" ते म्हणाले, "नको. जसं आहे तसं दे." त्या कागदात माझी एकही चूक झाली नव्हती, आणि ते बघायला कुणाला उत्साह नव्हता.

पाऊस सरल्यावर काम धरलं आणि उन्हाळ्यात साकव झाला. अरुंदच, एका वेळी एक माणूस जाईल एवढा, पण भक्कम, दोन्ही बाजूंना लोखंडी नळ्या. कार्यक्रमाला मांडव होता, ध्वनिक्षेपक होता, हार होते. छोट्या शेठनी पडदा ओढला. वडिलांच्या नावावरून त्यांनी बोट फिरवलं आणि सगळ्यांसमोर लहान मुलासारखे रडले. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

मास्तर मांडवात आले ते टोपली घेऊन. टोपलीत पिवळी. व्यासपीठावर त्यांना बोलावत होते, पण ते मागे गेले, जिथे बायका जमिनीवर बसल्या होत्या. बाय अगदी शेवटी होती.

"बाय, ही घे. तुझी पिवळी."

बाय उठून उभी राहिली. मी तिला कुणासाठी उठून उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. तिने डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडले.

"ऱ्हाऊ द्या, सायेब."

"अगं, उसनी होती ना?"

"तुमी येवढा मोठा साकव दिलाव," ती म्हणाली, "आन मी कोंबडी परत घेऊ? लोक काय बोलतील? ठेवा तुमाला."

आजूबाजूच्या बायकांनी माना डोलावल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मास्तर टोपली पुढे धरून तसेच उभे राहिले. तेवढ्यात फोटोवाल्याने हाक मारली. तो फोटो माझ्याकडे आहे. हार घातलेले मास्तर, हातात टोपली, टोपलीतून पिवळीची मान. उजवीकडे एक कोपर दिसतं, ते माझं.

पिवळी ऑफिसातच म्हातारी झाली आणि गेली. मास्तरांनी पुढच्याच वर्षी काम सोडलं. नंतर छोट्या शेठनी धंदा काल्हेरच्या गोदामांत हलवला, ट्रस्टचं काम मुंबईतले कुणी हुशार लोक बघू लागले, अर्ज छापील झाले, प्रत्येक कामावर फलक आला. कामं चांगली झाली, हे सांगायला हवं. मास्तर बहिणीकडे राहायचे. मी लग्नानंतरही जायचे भेटायला. ते पूर्वीसारखे ओरडत नसत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, एका दुपारी, झोपेतच गेले. जायच्या थोडं आधी मी त्यांना विचारलं होतं की एवढ्या गावांना दिलंत, कुठे जाऊन यावंसं वाटतं का. ते म्हणाले, "कशाला उगाच लोकांना उठवायचं?"

पण मला सांगायचं आहे ते त्यांच्या शेवटच्या फेरीबद्दल. कार्यक्रमानंतरच्या पावसाळ्यात, भर पुरात साकव कसा दिसतो ते त्यांना बघायचं होतं, म्हणून आम्ही पाड्यावर गेलो होतो.

वहाळ तांबडा होऊन धावत होता आणि साकव त्यावर शांत उभा होता. शाळेतून सुटलेली पोरं त्यावरून पळत गेली. मास्तर बराच वेळ बघत राहिले. पोरांमागून आम्ही पलीकडे गेलो. शेवटच्या घरी पोचलो तर बायने आतून खुर्ची आणली. दुसऱ्याच्या घरून मागून आणलेली असावी. पाणी मागितलं तर शेजारच्या पोराला गावात पिटाळून थंड पेयाची बाटली आणवली. ती कोमट होती. मास्तरांनी ती सगळी प्यायली.

"बाय, कशी आहेस?"

"तुमच्या किरपेनं बरं हाय, सायेब."

"सून?"

"बरी हाय."

"पाड्यात काही अडचण?"

"काय बी न्हाय, सायेब. सगलं बेस हाय."

घराच्या एका कोपऱ्यातून पाणी गळत होतं, ते मलाही दिसत होतं. मास्तरांनी तिकडे पाहिलं, आणि बायने त्यांना तिकडे बघताना पाहिलं. निघताना सर आली. भिंतीला इरलं टेकवलेलं होतं, पानांचं, पाठीवर घेऊन शेतात वाकतात ते.

"एवढं इरलं उसनं दे," मास्तर म्हणाले. "आणून देतो."

"न्या ना, सायेब. परत कशाला आनताव? तुमचंच हाय."

मास्तरांनी हात मागे घेतला. "असू दे," म्हणाले, आणि छत्री उघडून पावसात उतरले.

आम्ही साकवापाशी आलो तेव्हा पलीकडच्या टोकाला बायची सून आली होती. डोक्यावर ओल्या लाकडांचा भारा, मान भाऱ्याखाली ताठ. त्या बाजूला एक रिवाज आहे, अरुंद वाटेवर डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला आधी जाऊ द्यायचं. मोकळ्या हाताच्या माणसाने थांबायचं, मग तो कुणी का असेना. मास्तरांनी हाताने खूण केली, ये.

ती आली नाही. साकवाच्या तोंडापासून एक पाऊल बाजूला सरकून, चिखलात उभी राहिली.

"ये, पोरी," मास्तर ओरडले. पाण्याच्या आवाजात ओरडावंच लागत होतं. "तुझ्या डोक्यावर ओझं आहे."

"न्हाय, सायेब. तुमी आधी."

"अगं ये."

तिने मान हलवली नाही, हलवता येत नव्हती. नुसतं डोळ्यांनी नाही म्हटलं. मास्तर थांबले. तीही थांबली. मधे साकव रिकामा, खाली पाणी. पाऊस तिच्या भाऱ्यावरून तोंडावर ओघळत होता आणि दोन्ही हात भाऱ्याला असल्याने तिला तो पुसता येत नव्हता. फलकाचा संगमरवर तिच्या शेजारी धुऊन लख्ख झाला होता.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, काही विचारतील. त्यांनी छत्री मिटली, बगलेत धरली, आणि साकवावर पाय ठेवला. ते भरभर चालू लागले, तिला जास्त वेळ उभं राहायला लागू नये म्हणून. मी त्यांच्या मागे. आम्ही तिच्याजवळून गेलो तेव्हा तिने डोळे खाली घेतले. साकव उतरून आम्ही पार रस्त्याला लागेपर्यंत ती तशीच उभी होती.